सर जमशेटजी जीजीभॉय आणि चीन देशाची पाखरे

मुंबईचे नाव निघाले की जे. जे. ही दोन अक्षरे मागोमाग येतात. मोखाडा, जव्हार यांसारख्या डोंगराळ मुलुखातही, जेथून मुंबई दिवसाच्या वाटेवर आहे, तेथेही कोणास असाध्य दुखणे झाले म्हणजे त्यास जे. जे. रुग्णालयात न्यावे असे घरातील वडील मंडळी म्हणू लागतात. ज्यांची मुले चित्रे चांगली काढतात त्यांच्या कानावर जे. जे. कलाशाळेचे नाव आलेले असते. परंतु ही अक्षरे ज्या गृहस्थांच्या नावाची आहेत ते कोण होते, त्यांनी संपत्ती कशी मिळविली आणि ती कोठे खर्च केली, हे सांगणारे फार थोडे. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात द्यावयाचे आहे. त्या चरित्राला क्रौंच, कोंबडे, कमळे आणि शेवंती यांची एक किनार आहे. तिच्याकडे चरित्रकारांचे सहसा लक्ष जात नाही, म्हणून तिच्याविषयी चार शब्द अधिक लिहिले तर वाचकांनी रागावू नये.

जमशेटजींचा जन्म इ. स. १७८३ मध्ये एका गरीब पारशी कुटुंबात झाला. वडील नवसारीकडचे, विणकामावर पोट भरणारे. पारशी लोक आपल्या जिल्ह्यास परके नाहीत. इराणातून निघालेले त्यांचे पूर्वज ज्या संजाण बंदरी उतरले ते आपल्या सीमेपलीकडे अगदी जवळ आहे. आणि संजाणचा पाडाव झाल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातील बहरोटच्या डोंगरातील गुहांत बारा वर्षे जतन केला, अशी त्यांची परंपरा सांगते. अशा या समाजात जन्मलेले जमशेटजी सोळा वर्षांचे झाले नाहीत तोच त्यांचे आईवडील, एकामागून एक, १७९९ साली निवर्तले. शाळेचे शिक्षण म्हणावे असे त्यांस मिळालेच नव्हते. थोडी गुजराती अक्षरओळख, हिशेबापुरते अंक आणि मोडके इंग्रजी एवढ्या भांडवलावर ते मुंबईस आपले मामा फ्रामजी यांच्या आश्रयास आले. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्या विकत घेऊन विकण्याचा होता, म्हणून त्यांचे आडनाव बाटलीवाला पडले. भाच्यासही लोक काही काळ त्याच नावाने ओळखीत. पुढे १८०३ साली मामांच्या मुलीशी, आवाबाईंशी, त्यांचा विवाह झाला. त्या वेळी वधू अजून बालवयातच होती.

बाटल्यांच्या दुकानात हा तरुण फार दिवस रमला नाही. १७५६ साली हिरजी जीवनजी रेडीमनी हे पारशी व्यापारी चीनला जाऊन आले तेव्हापासून मुंबईच्या पारशांस त्या वाटेची ओढ लागली होती. एका नातलग व्यापाऱ्याचा कारकून म्हणून जमशेटजी प्रथम चीनला गेले, आणि १८०७ पर्यंत त्यांनी अशा पाच सफरी केल्या. त्या काळी हा प्रवास म्हणजे वर्षाचे काम. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की शिडाची जहाजे कापूस भरून पूर्वेकडे निघावयाची, आणि ईशान्येचा वारा वाहू लागला म्हणजे चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी घेऊन परतावयाची. समुद्रावर वादळ, चाचे आणि युरोपातील राष्ट्रांच्या लढाया यांचे भय वेगळेच.

चीनच्या बादशहाने परकी व्यापाऱ्यांस कँटन या एकाच बंदरात व्यापाराची मोकळीक दिली होती. तेथेही नदीकाठच्या तेरा वखारींपलीकडे त्यांनी पाऊल टाकू नये, बायकामुले बरोबर आणू नयेत, ठराविक चिनी अडत्यांवाचून कोणाशी व्यवहार करू नये, असे कडक नियम असत. पांढऱ्या पागोट्यांवरून पारशांस तेथील लोक पांढऱ्या डोक्याचे परके म्हणत. हंगामभर या अरुंद जागेत दिवस काढणाऱ्या माणसास बाजार हीच काय ती करमणूक. वखारींच्या मागील गल्ल्यांत हस्तिदंत कोरणारे, लाखेचे डबे रंगविणारे, भांड्यांवर चित्रे काढणारे आणि रेशमावर भरतकाम करणारे कारागीर ओळीने बसलेले असत. आपल्याकडे सुईदोरा म्हटला की बायकांचे काम असे मनात येते. कँटनमध्ये मात्र ही नाजूक कला बहुतेक पुरुष कारागिरांच्या हाती होती.

या कारागिरांच्या सुईखालून जी पाखरे, फुले आणि जनावरे उतरत ती नुसती शोभेसाठी नव्हती. चिनी मनुष्य चित्र पाहतो तसे ते वाचतोही. त्याच्या भाषेत एकाच उच्चाराचे पुष्कळ शब्द असतात, आणि चित्रकार त्याचा मोठ्या हौसेने उपयोग करतो. वटवाघुळाचा शब्द आणि सौख्याचा शब्द कानाला एकच. म्हणून आपण ज्याला अशुभ मानून हाकलतो ते वटवाघूळ तेथे थाळीवर, झग्यावर, दरवाजावर मानाने बसते. मासळी आणि समृद्धी यांचा उच्चार एक. हरीण आणि सरकारी वेतन यांचाही एक. कोंबड्याचा तुरा आणि अधिकारी माणूस यांचे शब्द सारखे ऐकू येतात. म्हणून मुलाने शिकून मोठ्या हुद्द्यावर चढावे अशी इच्छा असलेला बाप घरात कोंबड्याचे चित्र लावतो. परीक्षेस बसणाऱ्या मुलांसाठी तर याहून नामी चित्र आहे. पीत नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन जो कार्प मासा धबधब्यावरून उडी मारतो तो अजगरासारखा दिसणारा दैवी ड्रॅगन बनतो अशी तेथील कथा आहे, आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास त्या माशाची उपमा देतात. आमच्या शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी हा मासा ओळखून ठेवावा.

उच्चाराच्या या खेळाबाहेरही चिन्हे आहेतच. क्रौंच पक्षी दीर्घायुष्याचा; बादशहाच्या दरबारातील पहिल्या दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर तोच भरलेला असे. मुलकी अधिकाऱ्यांस पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांस श्वापदे असा तेथला रिवाज होता, आणि पाच नख्यांचा ड्रॅगन खुद्द बादशहाचा. पिओनीचे भरगच्च फूल श्रीमंतीचे. चीड, बांबू आणि आलुबुखारा ही झाडे हिवाळ्याच्या कडाक्यातही हार जात नाहीत, म्हणून त्यांस तीन मित्र म्हणतात. पावसाळ्यात आपल्या रानात अळंबी उगवते, तिच्या जातीचीच एक कठीण अळंबी तेथे अमरपणाची वनस्पती मानली जाते, आणि ढगासारख्या वळणाची तिची आकृती भरतकामात वारंवार दिसते. कमळ तर आपल्या ओळखीचेच. चिखलातून निर्मळ वर येणारे फूल ही त्याची पवित्र महती बौद्ध धर्माबरोबर हिंदुस्थानातून चीनमध्ये गेली. तोच धर्म समजून घेण्यासाठी सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन गेला. अफूची जहाजे सुटण्याच्या हजारो नव्हे, तरी हजार-बाराशे वर्षे आधीची ही देवघेव आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जमशेटजींच्या चौथ्या सफरीत मोठेच संकट ओढवले. १८०५ च्या जुलै महिन्यात ब्रन्सविक नावाच्या जहाजातून ते चीनला निघाले असता सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने ते जहाज पकडले. इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध चालू होते, आणि मुंबईचा कापूस म्हणजे शत्रूचा माल. कैद्यांस आफ्रिकेच्या दक्षिण टोकास केप येथे नेऊन सोडले. बावीस वर्षांचा हा तरुण, माल गमावलेला, खिशात पैसा नाही, अंगावरचे कपडे तेवढे उरलेले, अशा स्थितीत एका डॅनिश जहाजातून कसाबसा कलकत्त्यास पोहोचला व तेथून मुंबईस आला. या आपत्तीत त्यांस एक सोबती मिळाला. ब्रन्सविक जहाजावरील डॉक्टर विल्यम जार्डिन हा त्यांच्याबरोबरच कैदेत पडला होता. पुढे हा जार्डिन डॉक्टरकी सोडून कँटनमधील सर्वांत बलाढ्य इंग्रज व्यापारी झाला, आणि त्याचा मुंबईतील मुख्य सहकारी म्हणजे जमशेटजी. समुद्रावरील त्या दुर्दैवाच्या दिवसांत जडलेला हा स्नेह दोघांसही कोट्यधीश करून गेला.

१८०७ नंतर जमशेटजी स्वतः समुद्रावर गेले नाहीत. १८१४ साली त्यांनी गुड सक्सेस नावाचे आपले पहिले जहाज घेतले. त्यांच्या पेढीचे भागीदार पाहिले म्हणजे त्या वेळच्या मुंबईचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते: मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, आणि रोजेरियो द फारिया हे गोव्याकडील ख्रिस्ती. चार धर्मांचे चार गृहस्थ एका वहीत जमाखर्च लिहीत होते.

याच काळात चिनी पाखरे मुंबईच्या घरांत उतरू लागली. चीनहून परतणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांच्या पेट्यांत घरातील स्त्रियांसाठी भरतकामाचे रेशीम असे. प्रथम जे मिळेल ते तुकडे आले. मग साडीच्या मापाने, पदर आणि काठ सांभाळून, कँटनच्या कारागिरांकडून मुद्दाम भरवून घेण्याची चाल पडली. जांभळ्या, काळ्या किंवा गर्द तांबड्या रेशमावर पांढऱ्या धाग्याने भरलेली ही साडी म्हणजेच पारशांचा प्रसिद्ध गारो. दोऱ्याच्या मोहरीएवढ्या गाठी एकीला एक लावून फुलाची पाकळी भरण्याचा त्यातील एक टाका इतका बारीक असतो की तो घालता घालता कारागिरांची दृष्टी जाई, असे सांगतात. पुढे चिनी फेरीवालेही कापडाची गाठोडी पाठीवर घेऊन मुंबई-सुरतेच्या पारशी घरांतून हिंडू लागले, आणि त्यांच्याजवळ बसून कित्येक पारशी स्त्रिया तो टाका स्वतः शिकल्या.

येथे एक मौज झाली. चित्रे समुद्र ओलांडून आली, पण त्यांचे उच्चार मागेच राहिले. मासळी आणि समृद्धी हे शब्द गुजराती बोलणाऱ्या बाईच्या कानाला एक कसे लागावेत? तेव्हा या स्त्रियांनी त्या आकृत्यांस आपल्या घरातील अर्थ दिले. कोंबडा त्यांच्या धर्मात आधीपासूनच मानाचा, कारण तो पहाटे आरवून अंधाराच्या शक्तींस पळवितो; म्हणून कोंबडा-कोंबडीची जोडी त्यांनी आनंदाने पदरावर घेतली आणि तिला मरघा-मरघी म्हटले. मासळी तर पारशी घराच्या उंबऱ्यापुढील रांगोळीतही असतेच. चिनी दंतकथेतील तो अद्भुत पक्षी त्यांस आपल्या इराणी कथांतील सीमुर्गाचा भाऊबंद वाटला. जेथे अर्थ सापडला नाही तेथे स्वयंपाकघर उपयोगी पडले: लहानमोठ्या गोल ठिपक्यांच्या नक्षीस कांदा-पापेटा, म्हणजे कांदे-बटाटे, असे नाव पडले. पातळ पाकळ्या पसरलेल्या एका फुलास करोळिया, म्हणजे कोळी, म्हणू लागल्या. फुलाचा कोळी झाला याची कोणास खंत वाटली नाही. पूल, नाव, झाड आणि माणसे असलेल्या चित्रास चीना-चीनी म्हणतात. विद्वानांस हे अज्ञान वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्याकडे लग्नघरात गेरूने सारवलेल्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवीभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी आणि झाडे असतात. ज्या घरात तो चौक लिहिला जातो त्या घरच्या माणसांस त्यातील प्रत्येक रेघ काय सांगते हे ठाऊक असते, आणि शहरातील दिवाणखान्यात तीच झाडे टांगली की ती केवळ सुंदर झाडे उरतात. पारशी स्त्रियांनी परदेशी आकृत्या मुक्या राहू दिल्या नाहीत, एवढे तरी त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे.

आता कटू भाग सांगितला पाहिजे. मुंबईहून चीनला केवळ कापूस जात नव्हता. माळव्याची अफूही जात होती, आणि जमशेटजी हे त्या व्यापारातील अग्रगण्य पुरुष होते. चीनला परदेशी मालाची फारशी गरज नव्हती. त्याचा चहा आणि रेशीम हवे तर रोख चांदी मोजावी लागे. अफूने हा तराजू उलटा केला. बादशहाच्या कायद्याने ती बंद असूनही किनाऱ्यावर चोरून उतरे, आणि चांदी चीनबाहेर वाहू लागली. अफूच्या नळीपुढे लाखो माणसे निकामी झाली, घरे बुडाली. १८३९ साली लिन झेशू या बाणेदार अधिकाऱ्याने कँटनच्या व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या अफू हस्तगत केली आणि हुमेन येथे खंदकांत चुना व मीठ यांत कालवून समुद्रात सोडून दिली. त्यातून इंग्रजांनी युद्ध पुकारले. चीन हरला, आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट इंग्रजांस मिळाले. त्याच १८४२ साली जमशेटजींस सर ही पदवी मिळाली. ती मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. ही दोन वर्षे एकच आहेत, ही गोष्ट चरित्रकार निरनिराळ्या पानांवर लिहितात.

जमशेटजी दुष्ट नव्हते, उलट अत्यंत दयाळू होते, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र सोपे नाही. त्या काळी हा व्यापार मुंबई सरकारच्या परवान्याने चाले आणि प्रतिष्ठित पेढ्या तो उघडपणे करीत, हे त्यांच्या बाजूने सांगता येते. चिनी कायदा तो गुन्हा मानीत होता आणि हे त्यांस ठाऊक होते, हेही तितकेच खरे. ज्या जहाजाने जाताना विष नेले त्याच जहाजाने येताना दीर्घायुष्याचे क्रौंच आणि अमरपणाची अळंबी आणली. गाऱ्यावरील कोणत्याही पाखराकडे पाहताना हे विसरता येत नाही.

त्यांच्या दानाची यादी फार लांब आहे, ती सगळी देण्याचे कारण नाही. १८२२ साली कर्ज फेडता न आल्यामुळे मुंबईच्या तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांचे कर्ज त्यांनी स्वतः फेडून त्यांस सोडविले. गुरांस फुकट चारा मिळावा म्हणून ठाकूरद्वाराजवळ कुरण विकत घेऊन दिले. चर्नी रोड हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. १८४५ साली रुग्णालय उघडले. माहीम आणि वांद्रे यांमधील खाडी ओलांडताना होड्या बुडून माणसे मरत असत. तेथे रस्ता बांधण्यास सरकार तयार होईना, तेव्हा आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि तो १८४५ साली खुला झाला. बाटलीवाल्यांच्या घरातील त्या मुलीचे नाव माहीमच्या रस्त्याशी कायमचे जोडले गेले.

१८५३ साली त्यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. हिंदी कारागिरांची हस्तकला सुधारावी आणि तिच्यावर त्यांस पोट भरता यावे, हा हेतू होता. विणकराच्या मुलास हा विचार सुचावा हे स्वाभाविकच. सुरतेच्या तीन जोशी बंधूंस रेशमाचे विणकाम शिकण्यासाठी चीनला त्यांनीच धाडले, तेथे छोई नावाच्या उस्तादाजवळ ते शिकले, आणि तीन छोई म्हणून त्यांच्या कापडास तानछोई नाव पडले, अशीही एक आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काही असो, तलम रेशमावर विणलेली पाखरे आणि फुले हे त्या कापडाचे लक्षण आहे, आणि सुरतेहून ती विद्या पुढे बनारसला गेली. कलाशाळा २ मार्च १८५७ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी त्यांस बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. तीही हिंदी माणसास प्रथमच. दोनच वर्षांनी, १८५९ च्या एप्रिलमध्ये, ते वारले.

त्यांच्या मागे त्या शाळेने जे केले ते त्यांस पाहावयास मिळाले नाही. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स या अध्यापकाच्या हाताखाली तिचे विद्यार्थी हिवाळ्यामागून हिवाळे अजिंठ्याच्या गुहांत बसून भिंतींवरील चित्रांच्या आणि छतांवरील कमळवेली, हंस व फळे यांच्या नकला करीत होते. जे कमळ कँटनच्या सुईने गाऱ्यावर भरले होते त्याचे फार जुने भावंड त्या अंधारात सापडले. त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी बोरीबंदर स्थानकाच्या दगडांत मोर, माकडे आणि पानाफुलांच्या वेली कोरल्या. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या इमारतीत गाडी पकडण्याच्या घाईतही मान वर केली तर त्या दिसतात.

आणि गारो अजून पारशी घरांत आहे. कापराच्या लाकडाच्या पेटीतून तो लग्नकार्यास बाहेर निघतो. रेशीम एकाच घडीवर फाटू नये म्हणून घरातील वडील बाई दर वर्षी त्याची घडी मोडून दुसऱ्या बाजूने घालते, आणि त्या वेळी करोळिया कोठे आहे आणि मरघा-मरघी कोठे, ते मुलींस दाखविते.